धून परंपरेची, घडण स्टेपची

आरन कोपलंडच्या ‘रोडिओ’ या १९४२च्या बॅलेतलं ‘होडाउन’ अमेरिकेत घरोघरी पोचलं आहे. नव्वदच्या दशकात तर गोमांसाच्या टीव्ही जाहिरातीतही ते वाजत होतं. ही धून कोपलंडची, असं सर्रास सांगितलं जातं. ते साफ चूक आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये केंटकीतल्या सॅलियर्सव्हिलला ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स या दांपत्याने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी बिल स्टेप या फिडलवादकाचं ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ध्वनिमुद्रित केलं. रूथ क्रॉफर्ड सीगर या स्वतः संगीतकार. त्यांनी ती तबकडी ऐकून बारकाईने स्वरलेखन केलं आणि ते १९४१ मध्ये लोमॅक्स पितापुत्रांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’त छापून आलं. ते पान आणि ‘होडाउन’ची मुख्य धून शेजारी ठेवून पाहा, जवळजवळ स्वरास स्वर जुळतो. वाद्यवृंदाची सगळी मांडणी कोपलंडची, आणि ते काम खरोखर मोठं आहे. धून मात्र त्याची नव्हे.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो: लोकसंगीताला धनी नसतो, मग स्टेपचं तरी नाव कशाला? यात अर्धं सत्य आहे. धून स्टेपने रचलेली नाही. १९२४ मध्येच जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी तिची तबकडी केली होती. स्टेपला तिचा रचनाकार म्हणणारे त्याचे चाहतेही म्हणूनच चुकतात.

पण धून जुनी म्हणून वाजवणारा नगण्य ठरत नाही. दक्षिणेतले बरेच वादक ही धून संथ वाजवत, कूच करणाऱ्या फौजेच्या चालीत. खर्जाची तार उतरवून ठेवायची आणि सुरांखाली तिचा गुंजारव चालू ठेवायचा, की बॅगपाइपचा भास होतो. स्टेपने तीच धून उधळलेल्या घोड्यासारखी द्रुत केली. माघारीची धून नाचाची झाली! एकच बंदिश दोन गवयांच्या गळ्यांतून दोन रूपांत येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कोपलंडच्या हाती ग्रेची नव्हे, स्टेपची घडण आली आणि तीच त्याने उचलली. दुसऱ्या कुणाचं संथ वादन त्या पानावर असतं, तर हे ‘होडाउन’ झालंच नसतं.

स्टीफन वेड यांनी २०१२च्या आपल्या पुस्तकात स्टेपवर एक प्रकरण लिहिलं, तेव्हा माहिती नाही ही सबबही उरलेली नाही. सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘होडाउन’खाली एक ओळ सहज मावते: धून पारंपरिक, बिल स्टेप यांच्या वादनावरून, स्वरलेखन रूथ क्रॉफर्ड सीगर. ती छापलीच पाहिजे.