भुऱ्या म्हशीचा रंग आणि आपली पारख

पूर्णेच्या थडीस राहणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांस भुरी म्हैस नवीन नाही. बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले हे जनावर फिकट तपकिरी, क्वचित पांढुरके असते. असे असूनही ‘काळी ती खरी, भुरी ती भेसळ’ ही समजूत आमच्या संग्रामपूर तालुक्यातील कित्येक गोठ्यांत अद्याप घर करून आहे. ही समजूत निराधार असून शेतकऱ्यास नुकसानकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जनावराच्या कातडीत व केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. त्याचे प्रकार दोन. एक काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळा. कोणता प्रकार किती उतरावा, हे आईकडून एक व बापाकडून एक अशा आलेल्या जनुकांच्या जोड्या ठरवितात. याचा मूळ नियम मेंडेल याने १८६६ साली वाटाण्याच्या झाडांवरून प्रसिद्ध केला.

आमची हयात महसुली दप्तरात गेली, म्हणून तेथीलच दृष्टांत देतो. सातबाऱ्यावर कब्जेदार एक दिसतो, पण ‘इतर हक्कां’त दुसऱ्याचे नाव असू शकते. ते नाव पुढे दिसत नाही, तथापि हक्क बुडत नाही. विलायती गाईंत काळ्या मायबापांच्या पोटी कधी तांबडे वासरू येते, ते याच न्यायाने. दोघांतही तांबडा गुण दडलेला असेल, तर सरासरीने चारांत एक वासरू तांबडे निपजते. सबब अनपेक्षित रंग दिसला म्हणून गाईस वा वळूस दोष देणे हा अन्याय होय.

भुरेपणा व जन्मजात रंगहीनता यांचीही गल्लत करू नये. रंगहीन जनावराचे डोळे व कातडी गुलाबी असते आणि उन्हात त्याचे डोळे दिपतात. तो दोष आहे. भुरा रंग हा जातीचा गुण आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘पूर्णाथडी’ ही म्हशीची स्वतंत्र जात म्हणून नोंदली असून २०२३ साली तिचे प्रमाणपत्र दिले.

परंतु दप्तरात नोंद झाली म्हणून गोठ्यात जात टिकत नाही. रंगाच्या हौसेने प्रत्येक वेतास मुऱ्हा रेड्याचे रेतन केल्यास पहिल्या पिढीत रुपयातील आठ आणे, दुसरीत चार, तिसरीत दोन व चौथीत एकच आणा मूळ रक्त उरते. आमच्या कडक उन्हाळ्यात व खारपाणपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या तगलेले जनावर असे गमावल्यावर ते कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.

मुऱ्ह्याशी आमचे वैर नाही. ज्याच्यापाशी हिरवा चारा व पाणी मुबलक आहे, त्याने ती खुशाल पाळावी. मात्र ज्यांच्या दावणीस चांगली भुरी म्हैस आहे, त्यांनी तिला पूर्णाथडी रेडाच दाखवावा. प्रत्येक म्हशीचे दूध, वेतांतील अंतर व वगारींची वाढ वहीत टिपावी, आणि वगार ठेवावी की विकावी हा निर्णय त्या वहीवरून करावा. रंग ही जनावराची ओळख आहे, किंमत नव्हे; किंमत चरवीत मोजावी.