मित्रराष्ट्राचे मुडदे

२०१४ च्या फेब्रुवारीत आपल्या सेन्सॉर बोर्डाने एका माहितीपटाला प्रमाणपत्र नाकारले. ‘नो फायर झोन’ हे त्याचे नाव, कॅलम मॅक्रे हा त्याचा दिग्दर्शक आणि २००९ साली श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मारली गेलेली तमिळ माणसे हा त्याचा विषय. नकाराची कारणे दोन. बहुतेक दृश्ये विचलित करणारी आहेत, हे पहिले. चित्रपट दाखवला तर श्रीलंकेशी असलेल्या मैत्रीला बाधा येईल, हे दुसरे. म्हणजे मुडदे पाहून आपल्याला त्रास होईल म्हणून ते झाकायचे आणि ज्यांच्यावर ते पाडल्याचा आरोप आहे त्यांनाही त्रास होईल म्हणून ते झाकायचे. मेले त्यांच्या त्रासासाठी नियमावलीत रकाना नसावा.

इतकी वर्षे लोटली तरी या निर्णयाचा माझा राग उतरलेला नाही. पण केवळ बोर्डाला झोडपून मोकळे होणे सोपे आहे. बोर्डाने जे कागदावर केले, ते आपण सगळे रोज तोंडी करतो. युद्धगुन्ह्यांवरचा माहितीपट ही साक्ष असते. सरकार ती दाबते आणि रसिक तिची कलाकृती करून टाकतात. दोघांचा परिणाम एकच: साक्ष नोंदली जात नाही.

त्या साक्षीत काय आहे ते आधी पाहू. २००८ च्या सप्टेंबरात श्रीलंका सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना तमिळ वाघांच्या, म्हणजे लिट्टेच्या, ताब्यातल्या वन्नी भागातून निघून जायला सांगितले. साक्षीदार आधी बाहेर काढले. मग २००९ च्या जानेवारीपासून मेपर्यंत एकामागून एक तीन पट्टे जाहीर केले: नागरिकांनी इथे यावे, इथे मारा होणार नाही. दर वेळी पट्टा आधीच्याहून लहान. लोक आले आणि पाठोपाठ तोफगोळेही आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात लिहिले की तिन्ही पट्ट्यांवर सरकारने मोठ्या प्रमाणावर मारा केल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत, रुग्णालयांवर गोळे पडले आणि मेलेल्या नागरिकांची संख्या ४०,००० पर्यंत असू शकते. आत माणसे किती आहेत याचे सरकारी आकडे मुद्दाम कमी ठेवले गेले, असेही समितीने म्हटले. माणसे कमी, तर अन्न आणि औषधेही कमी. युद्ध संपल्यावर तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत कोंबलेल्या लोकांची मोजदाद झाली. ती निघाली सुमारे २ लाख ८० हजार.

या चित्रपटातले सर्वांत भयंकर चित्रण कुठल्याही पत्रकाराने केलेले नाही. एक भाग अडकलेल्या माणसांनी खंदकातून टिपलेला आहे. दुसरा भाग जिंकलेल्या सैनिकांनी स्वतःच्या मोबाइलवर, आठवण म्हणून, काढलेला. हात बांधलेले नग्न कैदी, मागून झाडलेली गोळी, स्त्रियांच्या प्रेतांवरचे अश्लील शेरे. लिट्टेप्रमुख प्रभाकरनच्या बारा वर्षांच्या मुलाचे फोटो आहेत: वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसून काहीतरी खाणारा मुलगा, आणि नंतर त्याचेच प्रेत, छातीत गोळ्या.

कोलंबोने काय करावे? ‘चित्रण बनावट आहे’ म्हणून हात झटकले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक क्रिस्टोफ हेन्स यांनी तज्ज्ञांकडून तपासून घेऊन २०११ मध्ये कैद्यांच्या हत्येची ती चित्रफीत अस्सल ठरवली. मग संरक्षण खात्याने स्वतःचाच एक माहितीपट काढला. वेढ्याच्या आत शेवटपर्यंत काम करणारे सरकारी डॉक्टर आधीच ताब्यात घेतलेले होते. जुलै २००९ मध्ये त्यांना पत्रकारांसमोर बसवले गेले आणि त्यांनी सांगितले, आम्ही दिलेले मृतांचे आकडे फुगवलेले होते. कैदेत असलेल्या माणसाचा जबाब कसा वाचायचा हे ज्याला कळत नाही, त्याने या विषयावर बोलू नये.

आता वाघांच्या चाहत्यांकडे वळतो, कारण ते एव्हाना माना डोलावू लागले असतील. लिट्टेने याच नागरिकांना ढाल म्हणून धरून ठेवले. पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, पोरासोरांना बळजबरीने लढाईत लोटले. हे त्याच समितीच्या त्याच अहवालात आहे. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली, तेही आपण विसरलेलो नाही. पण लिट्टेचे पाप दाखवून लष्कराचे पाप फिटत नाही आणि लष्कराचे दाखवून लिट्टेचे फिटत नाही. तमिळनाडूतल्या सभांमध्ये त्या मुलाचा फोटो फलकावर लावून मते मागणाऱ्यांना त्याच्याच वयाची, लिट्टेने पळवलेली मुले कधी आठवली नाहीत. २७ एप्रिल २००९ रोजी, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, मुख्यमंत्री करुणानिधी चेन्नईत उपोषणाला बसले. सकाळी बसले, दुपारपर्यंत उठले. श्रीलंकेने जड शस्त्रे वापरणार नाही असे जाहीर केले होते ना! उपोषण सुटले. गोळे त्यानंतरही तीन आठवडे पडत राहिले.

दिल्लीचे तर बोलायलाच नको. युद्ध संपून दहा दिवस होत नाहीत तोच, २७ मे २००९ ला, जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत एक ठराव आला. तो मांडला होता खुद्द श्रीलंकेने. आरोपीने स्वतःच लिहिलेल्या त्या प्रशस्तिपत्रावर भारताने होकाराची मोहोर उठवली. २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेवर टीका करणाऱ्या ठरावांना आपण पाठिंबा दिला. २०१४ मध्ये तटस्थ राहिलो. २०२१ मध्ये पुरावे गोळा करून जतन करण्याची यंत्रणा उभी करायचा ठराव आला. शिक्षा देण्याचा नव्हे, फक्त पुरावे सांभाळून ठेवण्याचा. तेव्हाही तटस्थ. धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ युद्ध चालू असताना म्हटले होते; आपण ते युद्ध संपून बारा वर्षे झाल्यावरही म्हणतो आहोत.

एवढ्या नाजूकपणाचे कारण निव्वळ शेजारधर्म आहे, हे मला पटत नाही. १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना त्याच बेटावर होती. २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवसांत, भारतीय जवान जाफनाच्या रुग्णालयात शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण अशी साठ-सत्तर माणसे मारली गेली. आतून लिट्टेने गोळीबार केला, आम्ही उत्तर दिले, ही आपली बाजू. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेली हकिकत अगदी वेगळी आहे. सुमारे १२०० भारतीय जवानही त्या मोहिमेत कामी आले. त्यांना तिकडे पाठवणाऱ्यांना आपण कधी जाब विचारला नाही, आणि रुग्णालयातल्या मृतांची खुली चौकशीही केली नाही. दुसऱ्याची झाकली मूठ उघडायला निघालेल्याला आपलीही उघडावी लागते. दोन्ही मुठी झाकलेल्या ठेवणे, हा मैत्रीच्या कलमाचा खरा उपयोग.

हे कलमही पाहून ठेवा. परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हा अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांचा आधार १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला आणि तिथून सिनेमॅटोग्राफ कायद्यात उतरला. त्यामुळे मित्रराष्ट्राने केलेली कत्तल पडद्यावर अडवता येते. राष्ट्र शत्रू असेल, तर मात्र क्रौर्य हवे तेवढे रंगवा. करमुक्तीची घोषणा करायला मंत्री धावत येतील. न्यायालयात जाऊन लढता येते, हे खरे. आनंद पटवर्धनांच्या ‘जंग और अमन’ला बोर्डाने कात्री लावू पाहिली आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कट न देता मोकळा केला. पण पटवर्धन इथले होते, चिवट होते. वन्नीतली विधवा मुंबईत येऊन रिट दाखल करणार आहे काय?

आता आपण रसिक. गळ्यात पास अडकवून पुणे-मुंबई-गोव्याच्या महोत्सवांत हिंडणाऱ्या जमातीतला मीही एक आहे, त्यामुळे तिची बोली मला पाठ आहे. नाझी छळछावण्यांवरचा ‘शोआ’ साडेनऊ तास बसून पाहिल्याचे आम्ही पदकासारखे मिरवतो. इंडोनेशियातल्या कत्तलींवरचा ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ पाहून त्याच्या ‘रचनेवर’ चहाच्या टपरीवर तासभर बोलतो. ‘हृदयद्रावक’, ‘अंगावर येणारा’, ‘सुन्न करणारा’ ही तीन विशेषणे परीक्षणात टाकली की कर्तव्य संपले. युक्रेनमधल्या ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा दिग्दर्शक मिस्तिस्लाव चेर्नोव्ह मंचावरून म्हणाला, हा चित्रपट करायची वेळच आली नसती तर बरे झाले असते. त्यावरही टाळ्या पडल्या. पन्नास वर्षे जुने किंवा पाच हजार किलोमीटर दूरचे पाप आम्हाला फार भावते. रामेश्वरमसमोरच्या समुद्रापलीकडचे पाप निघाले, की आयोजक हळूच विचारतो, ‘सर्टिफिकेट आहे का?’ मॅक्रेने तर हा चित्रपट भारतीय प्रेक्षकांसाठी इंटरनेटवर फुकट खुला केला होता. सर्टिफिकेट नव्हते, तिकीटही नव्हते. तरीही किती रसिकांनी पाहिला, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

‘पण अशा चित्रपटांनी होते काय?’ हा चतुर प्रश्न मला नेहमी येतो. विचारणारा बहुधा काहीच न करणारा असतो. होते ते हळू होते आणि अपुरे होते. या युद्धातल्या ५८ व्या डिव्हिजनचे सेनानी शवेंद्र सिल्वा २०१९ मध्ये लष्करप्रमुख झाले. २०२० मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेशबंदी केली आणि २०२५ मध्ये ब्रिटनने निर्बंध लादले. २००० साली मिरुसुविल इथे आठ तमिळ नागरिकांना मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या सार्जंटला राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्ष यांनी मार्च २०२० मध्ये माफी देऊन घरी पाठवले. युद्धकाळात हेच गोटाबाय संरक्षण सचिव होते. २०२२ मध्ये ते पळाले, ते पेट्रोल आणि दूध पावडर मिळेना म्हणून लोक चिडले तेव्हा. युद्धाचा शेवट जिथे झाला त्या मुळ्ळिवायक्कलच्या वाळूतल्या मृतांसाठी त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. म्हणूनच पुरावा टिकणे महत्त्वाचे. न्यायालय उभे राहायला चाळीस वर्षे लागली, तर चाळीस वर्षांनी त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी हवे. सेन्सॉर बोर्डाला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. चित्रपटाने काहीच होत नसते, तर तो अडवायचे कष्ट कोण घेईल?

तेव्हा ‘सुन्न झालो’ हे आता पुरे. प्रमाणपत्राच्या निकषांतून परराष्ट्रमैत्रीचे कलम काढा, अशी मागणी करा. आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा: २०२१ मध्ये पुरावे सांभाळण्याच्या ठरावावर भारत गप्प का बसला? चित्रपट मंडळे चालवणाऱ्यांनी ‘नो फायर झोन’ पुन्हा सेन्सॉर बोर्डापुढे न्यावा आणि नकार आला तर न्यायालयात जावे. यातले काहीच जमणार नसेल, तर निदान महोत्सवांतून इतरांच्या मृतांसाठी हुंदके देऊ नका. ती जागा ज्याला काही करायचे आहे त्याला द्या.