सही करण्याआधी गाण्याचा करार वाचा

भीमजयंती जवळ आली की आमच्या वस्त्यांतल्या कवी-गायकांना निर्मात्यांचे फोन येऊ लागतात. गाणं सिनेमात, मालिकेत घेतो म्हणतात, हातावर काही हजार ठेवतात आणि इंग्रजीतल्या चार पानांवर सही घेतात. असे काही करार आम्ही वाचले. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमचे’ हे शब्द जवळपास प्रत्येकात होते.

ते उगाच नसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून निर्मात्याचा वकील ती ओळ आधी घालतो. आपल्या बाजूने वकीलच नसतो.

तरी एक गोष्ट त्या ओळीलाही घेता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर (जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी जोर लावून बोलले होते) सिनेमातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. उलट लिहून घेतलं तरी ते रद्दबातल. थिएटरात सिनेमासोबत गाणं वाजलं तर हा वाटा नाही. टीव्हीवर, मोबाइलवर वाजलं तर आहे. व्यावसायिक वापरात गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे.

पैसा मात्र घरी चालत येत नाही. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं सदस्य होऊन गाणी नोंदवावी लागतात. आमच्या ओळखीच्या किती जणांनी ती नोंदवली आहेत? वकिली करणाऱ्या मित्रांनी जयंतीआधीचा एक रविवार द्यावा. करार आम्ही गोळा करून आणतो.