अभिप्रायाचा रकाना आणि अर्थशास्त्राचा तास

सत्र संपत आले की आमच्या महाविद्यालयात अभिप्रायपत्रिका वाटल्या जातात. अध्यापक वेळेवर येतात काय, अभ्यासक्रम पूर्ण करतात काय, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो काय. पुढे गुणांचे रकाने. ‘नॅक’च्या 2017च्या आराखड्यात विद्यार्थी-समाधानाचे सर्वेक्षण आले, तेव्हापासून या कागदांचे वजन अधिकच वाढले.

आम्ही मराठीचे. अर्थशास्त्र कळते असा आमचा दावा नाही. परंतु शेजारच्या वर्गात तो विषय शिकविला जातो आणि मधली भिंत पातळ आहे. तेथील आमचे सहकारी नोट्स सांगत नाहीत. रावेर-यावलकडील मुलांना ते विचारतात, केळीचा जाहीर भाव एक आणि बांधावर हाती पडणारा दुसरा, असे का? मुले आधी व्यापाऱ्याला शिव्या घालतात. मग कोणीतरी म्हणते, की घड कापणीला आला म्हणजे शेतकऱ्याला थांबता येत नाही. अलवचिक पुरवठ्याची ती जवळजवळ उभी रेषा त्यानंतर फळ्यावर येते. व्याख्या सर्वांत शेवटी.

मागील वर्षी या गृहस्थांना ‘अभ्यासक्रम पूर्ण’ या रकान्यात विभागात सर्वांत कमी गुण मिळाले. पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर सांगणाऱ्यांना भरघोस मिळाले. यात मुलांचा दोष नाही. परीक्षा जे मागते तेच ती अध्यापकाकडे मागतात. आणि अभिप्राय मुळी घेऊच नयेत, असेही आमचे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे तासाला न फिरकणाऱ्यांना या कागदानेच थोडा धाक बसविला. आमची तक्रार प्रश्नांविषयी आहे. तासानंतर तुम्ही घरी कोणाशी त्या विषयावर बोललात काय, हे तेथे विचारलेले नसते.

1918च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राज्यशास्त्रीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रारंभी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. पुढे इतर महाविद्यालयांतील मुले त्यांची व्याख्याने ऐकण्यास येऊ लागली. दुसऱ्या महाविद्यालयातून चालत आलेला विद्यार्थी, याहून स्पष्ट अभिप्राय कोणता? (त्याच शिक्षकवृंदातील काहींना मात्र पाण्याच्या माठास त्यांनी हात लावणे खपले नाही. त्या अभिप्रायासही रकाना नव्हता.) 1920च्या मार्चमध्ये त्यांनी ती नोकरी सोडली.

भारतातील लहान शेतांवरील त्यांचा निबंधही 1918चाच. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर भांडवल आणि अवजारे किती आहेत यावरून ठरते. जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलल्याखेरीज तुकडे जोडून काही साधणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन एकरांचे वाटेकरी असलेली मुले आमच्या वर्गांत बसतात. शेजारी हा निबंध शिकविला जात होता, त्या दिवशी घंटा होऊनही वर्ग उठला नाही. आमचा तास दहा मिनिटे उशिरा सुरू झाला.

त्या पत्रिकेच्या तळाशी ‘इतर सूचना’ म्हणून दोन कोऱ्या ओळी असत. एका मुलीने तेथे लिहिले होते, की कापसाच्या हिशेबाची वही आता वडील तिच्याकडे देतात. यंदापासून पत्रिका मोबाईलवर भरावयाची आहे. कोऱ्या ओळी तीत ठेवलेल्या नाहीत.