उसने नाव

कॅलिफोर्नियात ‘द असायलम’ ही चित्रपटसंस्था १९९७ साली स्थापन झाली. २००५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ झळकत असतानाच तिने त्याच नावाचा अल्पखर्ची विज्ञानपट आणला. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या मूळ कादंबरीवर अमेरिकेत कोणाचाही स्वामित्वहक्क उरला नव्हता. चित्रपट भाड्याने देणाऱ्या ‘ब्लॉकबस्टर’ या दुकानसाखळीने तब्बल एक लाख प्रती मागविल्या आणि संस्थेला धंद्याची वाट गवसली. पुढे ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या वर्षी ‘ट्रान्समॉर्फर्स’ आला, ‘पॅसिफिक रिम’च्या वर्षी ‘अटलांटिक रिम’. जाहिरातीचा खर्च थोरल्याचा, लाभ धाकट्याचा!

येथे व्यापाऱ्याने एक भेद ध्यानी घ्यावा. वेल्स यांची कथा सर्वांसाठी खुली होती. ग्राहकाची गफलत मात्र कोणाच्याही मालकीचे भांडवल नव्हे. २०१२ मध्ये ‘एज ऑफ द हॉबिट्स’ या नावाने चित्रपट विकण्यास न्यायालयाने मनाई केली, ती ग्राहकाची दिशाभूल होईल याच कारणास्तव. चित्रपटाला ‘क्लॅश ऑफ द एम्पायर्स’ हे नाव घ्यावे लागले.

याच संस्थेला सर्वाधिक कीर्ती मिळाली ती २०१३ च्या ‘शार्कनेडो’मुळे. वावटळीतून शार्क मासे बरसविणारी ती कल्पना कितीही विक्षिप्त असो, नाव कोणाचे उसने नव्हते. त्याचे आणखी पाच भाग निघाले. चुकून आलेला ग्राहक एकदाच येतो. नाव ओळखून आलेला पुन्हा येतो.