विजय चव्हाणांची ‘मावशी’ रीलमध्ये का मावत नाही?

मोबाइलवर ‘टांग टिंग टिंगा’ शोधलं की एक क्लिप हमखास समोर येते. साडी नेसलेला दणकट बांध्याचा माणूस रंगमंच दणाणून सोडतोय आणि प्रेक्षक लोटपोट. ते विजय चव्हाण, नाटक ‘मोरूची मावशी’. क्लिप पाहून हसू येतंच. पण ज्यांनी चव्हाणांना फक्त एवढंच पाहिलंय, त्यांनी त्यांचं अर्धं कामही पाहिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मावशीचं माहेर. ती मूळची इंग्लंडची. ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आंट’ हे प्रहसन १८९२ मध्ये रंगमंचावर आलं. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपापल्या आवडत्या मुलींना जेवायला बोलवायचंय. त्या काळच्या रीतीप्रमाणे सोबत कुणी वडीलधारी बाई हवी. ब्राझीलहून निघालेली चार्लीची श्रीमंत आंट वेळेवर पोहोचत नाही, म्हणून मित्रालाच बायकी झगा चढवला जातो. लंडनमध्ये त्याचे १,४६६ प्रयोग सलग झाले. ती भूमिका करणारे डब्ल्यू. एस. पेन्ली हे मुरलेले विनोदी नट, पण आज त्यांचं नाव निघतं ते याच झग्यामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

हीच युक्ती आचार्य अत्र्यांनी मराठी घरात आणली. आणि १९८५ मध्ये ‘सुयोग’ने हे नाटक नव्याने उभं केलं, दिग्दर्शक दिलीप कोल्हटकर. प्रशांत दामले, प्रदीप पटवर्धन यांच्यासोबत मावशी म्हणून उभे राहिले लालबागमध्ये वाढलेले, रुपारेल कॉलेजच्या रंगमंचावरून आलेले विजय चव्हाण.

बाई वाटायचं नाही, हीच मेख

मराठी रंगभूमीला स्त्रीवेशातले पुरुष नवे नव्हते. बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं, हे तिथलं कसब. मावशीचं गणित बरोबर उलटं. नाटकातल्या पात्रांना ती बाईच वाटली पाहिजे आणि प्रेक्षकाला मात्र आतला गडी एक क्षणही विसरता कामा नये. फार बायकी झालं तर गंमत संपते, फार पुरुषी झालं तर बाकीची पात्रं मूर्ख वाटायला लागतात. या दोन टोकांच्या मध्ये अडीच-तीन तास तोल सांभाळायचा. तोही एकदा नाही, चव्हाणांनी या भूमिकेचे दोन हजारांच्या घरात प्रयोग केले.

इंजिनीअरिंगमध्ये ‘फीडबॅक’ शिकवतात, म्हणजे बाहेर पडलेल्या सिग्नलचा काही भाग परत आत येतो आणि पुढचं वागणं ठरवतो. विनोदी नटाचा फीडबॅक म्हणजे हशा. आपल्या शालिमारच्या कालिदास कलामंदिरात नाटकं बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मागच्या रांगेतला हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं, की ते वाया गेलं. जास्त थांबलं तर प्रयोग थंड पडतो. हे थांबणं दर गावी, दर प्रयोगाला वेगळं असतं. रीलमध्ये सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी याच थांबण्याला. उरतो तो साडीतला पुरुष नाचतोय एवढाच ऐवज, आणि तो तर आज कुठल्याही कॉमेडी शोमध्ये मिळतो.

शिक्क्याची किंमत

पेन्लींचं झालं तेच चव्हाणांचं झालं. ‘टुरटुर’पासून ‘श्रीमंत दामोदर पंत’पर्यंतची नाटकं, ‘पछाडलेला’ (२००४), ‘जत्रा’ (२००६) असे कितीतरी सिनेमे त्यांनी केले. सिनेमात नायक दुसरेच असायचे. चव्हाण आले की दोन-चार प्रसंग रंगायचे आणि गोष्ट पुढे सरकायची. चरित्र अभिनेत्याचं कामच ते. पण त्यामुळे त्याच्या नावावर स्वतंत्र लेख, मुलाखती, अभ्यास फार कमी जमतात आणि सगळी ओळख एका भूमिकेवर येऊन टेकते. राज्य सरकारचा चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला २०१८ मध्ये. त्याच वर्षी २४ ऑगस्टला, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मथळ्यांमध्ये पुन्हा मावशीच होती. लोक तेच शोधतात, त्यामुळे मथळ्याला दोष देता येत नाही. मथळ्याच्या खालीही मावशीच उरते, याची मात्र चुटपुट लागते.

‘मोरूची मावशी’चं चित्रीकरण झालेलं आहे. या रविवारी बघणार असाल तर पहिल्या अंकापासून बघा आणि नाचाची जागा शोधत पुढे पळवू नका. शक्य तर मोठ्या पडद्यावर, घरातल्या चार माणसांसोबत बघा. दुसरं कुणी बोलत असेल, तेव्हा मावशीच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.