जुने माप, नवे माप

व्यापाऱ्याचे सारे आयुष्य भावांच्या चढउतारात जाते. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही, आणि त्याचे आम्हांस काही वाटतही नाही. मग मुलाने दुकानाची सूत्रे हाती घेतली, जुने घर सोडावे लागले किंवा लेक सासरी गेली, की हाच मनुष्य मनातून खचतो कां? ‘वय झाले, नवे पचत नाही,’ असे लोक म्हणतात. आम्हांस हे निदान अपुरे वाटते.

आपल्याच धंद्यातील उदाहरण घ्यावे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो-क्विंटल येऊ लागले. नवा हिशेब निःसंशय सोपा होता. तरीही तो वडीलधाऱ्यांना फार जड गेला, हे बेळगावच्या रविवार पेठेत आम्ही ऐकतच वाढलो. चाळीस शेरांच्या मणाचे झाले ३७ किलो ३२४ ग्रॅम! मण, शेर, छटाकांचा हिशेब ज्यांच्या जिभेवर होता, त्यांना पोरासोरांप्रमाणे कोष्टक पाहावे लागले. मापाबरोबर त्या मापावर उभा असलेला त्यांचा मानही गेला.

बदलाचे खरे दुःख हे आहे. हाताची सवय, चारचौघांतील स्थान, ‘शेटजींना विचारा’ हे शब्द, यांची किंमत एका दिवसात उतरते. बदल हिताचा असला तरी ही हानी खरीच असते. म्हणून तर मंगल कार्यातही डोळे भरून येतात.

सरकारने त्या वेळी लोकांना अवधी दिला. जुनी नाणी काही वर्षे नव्यांबरोबर चालली. ‘नया पैसा’ यातील ‘नया’ हा शब्द १९६४ साली गळाला, तोवर तो पैसा लोकांचा झाला होता. आमच्या घरांत मात्र हा अवधी कोणी देत नाही. पाडव्याला किल्ल्या फिरतात, संगणक येतो, आणि वडिलांना सांगितले जाते, ‘आता आराम करा.’ हा आराम नव्हे, निरोप होय.

आमचे स्पष्ट मत असे की, निदान एक वर्ष दोघांनी एका गादीवर बसावे. हिशेब मुलाने पाहावा. पोत्यातील दाणे तळहातावर घेऊन ओल पारखणे वडिलांकडे राहावे. घरात आलेल्या सुनेलाही हाच न्याय लावावा. आठवड्यातून एखादा दिवस माहेरच्या पद्धतीचा स्वयंपाक तिला करू द्यावा.

आपल्या बारा अनुप्रेक्षांत अनित्य भावना पहिली आहे. अनुप्रेक्षा म्हणजे पुनःपुन्हा केलेले चिंतन. एकदा ऐकून मन वळत असते, तर पुनःपुन्हा चिंतावयास कोणी सांगितलेच नसते. तेव्हा ज्यांच्या दुकानी यंदा गादी बदलणार आहे, त्यांनी किल्ल्यांबरोबर थोडा धीरही एकमेकांच्या हाती द्यावा, एवढीच विनंती.